बेळगावच्या उद्यमबागेत नवीन लागलाय? मग कुठल्या जागी कुठलं रबर बसवायचं ते आधी बघून घ्या

डिप्लोमा नाहीतर आयटीआय करून पोरगा कारखान्यात लागला, मेंटेनन्सला किंवा परचेसला टाकला, की पहिल्या आठवड्यातच त्याच्या हातात एक फाटका ऑइल सील येतो आणि "असलाच एक घेऊन ये" म्हणून गाडीची किल्ली मिळते. दुकानात आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी मापतात, तोच साईझ मिळतो, बसतो पण नीट, आणि थोड्या दिवसांनी परत गळायला लागतो. साईझ बरोबर होता की. रबर वेगळं होतं. आणि ते दिसून येत नाही, कारण ताकदीसाठी बहुतेक रबरात कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी घातलेली असते, त्यामुळं नायट्रिल काळं, निओप्रिन काळं, ईपीडीएम काळं, ट्यूबचं ब्युटाइल पण काळंच. नुसतं बघून ओळखतो म्हणणारे लई भेटतील, ऐकून घ्या आणि सोडून द्या.

म्हणून दुकानात जाऊन "चांगल्यातलं रबर द्या" म्हणायचं बंद करा. सगळीकडं चांगलं असं एकही रबर नाही. जे तेलात दहा वर्षं राहील ते गरम वाफेत महिन्यात खलास, आणि वाफेत राहणारं तेलात फुगून लोण्यासारखं होतंय. मच्छे, नावगे, होनगा, काकती, कुठंही काम करा, पद्धत एकच, आधी जागेची चौकशी करायची, मटेरियलचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं.

पायरी १: जागेची कुंडली लिहून काढा

कागद घ्या, मोबाईल पण चालेल, पण लिहा. तो पार्ट कशाला चिकटून असतो, किती गरम होतो, किती प्रेशर आहे, हलतो का नुसता बसून आहे, ऊन-पाऊस लागतो का, आणि खाण्याच्या वस्तूला लागतो का. एवढंच. यातलं पहिलंच सगळ्यात जास्त चुकतंय म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो.

"पंपात काय आहे?" विचारलं की ऑपरेटर एकच नाव सांगतो, पाणी, नाहीतर तेल, नाहीतर रस. पण रबराला मारणारा बऱ्याच वेळा दुसराच कोणीतरी असतो, ज्याचं नाव कोणी घेत नाही. साखर कारखान्याचंच घ्या, संकेश्वर, उगार, चिकोडी, अथणी या पट्ट्यात कारखाने भरपूर आहेत, तिकडच्या मेंटेनन्सचं काम आपल्याकडच्या वर्कशॉपला येतंच. इव्हॅपोरेटरच्या म्हणजे रस आटवायच्या भांड्याच्या लाईनला व्हॉल्व्ह आहे, त्यात काय आहे तर उसाचा रस. बरोबर आहे, पण नळ्यांवर खवले साचले की त्याच बॉडीत कॉस्टिक सोडा घालून उकळतात. मग त्या व्हॉल्व्हच्या सीटला रस सोसायचा आहे, वाफ सोसायची आहे आणि वर गरम कॉस्टिक पण सोसायचा आहे. रसापुरता विचार करून कोणी व्हायटन नावाचं महागाचं रबर बसवलं तर साफसफाईच्या दिवशी त्याचा निकाल लागतो, कारण साधं व्हायटन गरम कॉस्टिकमध्ये कडक होऊन तडकतंय. तिथं ईपीडीएम पाहिजे, ते पण व्हायटनच्या कितीतरी कमी पैशात येतंय.

दुसरं उदाहरण सीएनसीचं. कूलंट पांढरं पाणी दिसतंय म्हणून पाणीच धरतात, पण त्यात तेलाचं इमल्शन असतंय, शिवाय ते थोडं अल्कलाईन असतंय आणि स्लाईडचं तेल गळून त्याच टाकीत तरंगत असतं. तिथं स्लाईड पुसायचा वायपर ईपीडीएमचा लावला तर फुगणारच. आणि तिसरं, सगळ्यात साधं, फिटरचं बोट. ईपीडीएमची ओ-रिंग म्हणजे गळती अडवणारी गोल रिंग बसवताना आत सरकत नाही म्हणून त्यानं डब्यातलं साधं ग्रीस चोळलं, म्हणजे पेट्रोलियमचं तेलच लावलं ना, रिंग तिथंच फुगायला सुरू. ईपीडीएमला सिलिकॉन ग्रीस लावायचं, हे मेंटेनन्सच्या भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल.

म्हणून कागदावर एक नाही, सगळे द्रव लिहायचे. चालू असताना काय, धुताना काय, बसवताना काय लावतात, वरून काय ठिबकतंय.

पायरी २: तेलाची बाजू का पाण्याची बाजू

निम्मा निर्णय इथं होतो. साधं तत्त्व आहे, सारख्याला सारखं ओढतंय. नैसर्गिक रबर, एसबीआर, ब्युटाइल, ईपीडीएम ही सगळी नुसत्या कार्बन-हायड्रोजनची साखळी आहे आणि डिझेल, हायड्रॉलिक तेल, ग्रीस पण तसलंच, म्हणून तेल त्यांच्यात शिरतंय, रबर फुगतंय, मऊ पडतंय, फाटतंय. नायट्रिलच्या साखळीत अॅक्रिलोनायट्राइल घातलेलं असतंय, त्यामुळं ते तेलाला जवळ करत नाही. हे प्रमाण साधारण १८ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत ठेवता येतं, जास्त ठेवलं तर तेलात जास्त टिकतंय पण थंडीत कडक पडतंय, मधलं ३३ टक्क्यांच्या आसपासचं नेहमीच्या कामाला वापरतात.

म्हणजे हायड्रॉलिक पॉवरपॅक, गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर, डिझेल, ग्रीस असलं काही दिसलं की पहिलं नाव नायट्रिल. गरम पाणी, वाफ, सौम्य अॅसिड, कॉस्टिक, ऊन-पाऊस असलं दिसलं की पहिलं नाव ईपीडीएम. उद्यमबागेतल्या निम्म्याहून जास्त जागा या दोनमध्ये उरकतात असं माझं मत आहे, बाकीची नावं मग गरज पडेल तशी.

ब्रेक ऑइल मात्र या नियमात फसवतंय. नावात ऑइल आहे पण डॉट ३, डॉट ४ हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत, खनिज तेल नाही. त्यामुळं ब्रेकच्या किटमधली रबरं ईपीडीएम नाहीतर एसबीआरची असतात आणि नायट्रिल तिथं खराब होतंय. ऑटोनगरात गॅरेजला असाल तर ब्रेक सिलेंडर डिझेलनं धुवायची सवय मोडा, डिझेलचा थोडा अंश जरी राहिला तरी आतले कप फुगतात आणि ब्रेक जाम होतोय, हा जिवाचा खेळ आहे.

इथेनॉलचं पण सांगतो कारण आपल्या भागात डिस्टिलरीचं काम वाढलंय. नुसत्या इथेनॉलला ईपीडीएम चांगलं चालतंय. पण पेट्रोल आणि इथेनॉल मिसळलं की गोष्ट बदलते, दोघं एकत्र मिळून काही रबरांना एकट्यापेक्षा जास्त फुगवतात, आणि आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आहे. तिथं ईपीडीएम तर पेट्रोलमुळंच बाद, जुन्या पद्धतीचं साधं नायट्रिल पण भरवशाचं नाही, योग्य ग्रेडचं व्हायटन विचारा आणि ग्रेड विचारल्याशिवाय घेऊ नका.

पायरी ३: गरमी, पण कुठली गरमी

हॉलचं तापमान लिहू नका. सीलच्या ओठाजवळ किती आहे ते लिहा. शाफ्ट ओठावर घासतो तिथं तेलाच्या तापमानापेक्षा बरंच जास्त असतंय. घासण्याचा वेग काढायला सोपा आहे, शाफ्टचा व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले आरपीएम, गुणिले ३.१४, भागिले ६०,०००. ५० एमएमचा शाफ्ट १४४० आरपीएमवर फिरतो तर साधारण ३.८ मीटर प्रति सेकंद आले, नायट्रिलला हे काहीच नाही. १२ च्या वर चाललं की मग व्हायटनचा विचार सुरू करायचा.

आकडे ढोबळ देतो, कंपाउंड बदललं की थोडे इकडं-तिकडं होतात. नैसर्गिक रबर ७०-८० डिग्रीपर्यंत ठीक. नायट्रिल १०० पर्यंत सलग, १२० पर्यंत थोडा वेळ. निओप्रिन १०० च्या आसपास. ईपीडीएम गंधकावर शिजवलेलं म्हणजे क्युअर केलेलं असेल तर १२० ला थकायला लागतं, पेरॉक्साइडवर शिजवलेलं १५० पर्यंत जातंय. एचएनबीआर म्हणजे नायट्रिलचा मोठा भाऊ, तेलात १५० पर्यंत. सिलिकॉन आणि व्हायटन २०० पर्यंत. रबराचा आकडा म्हणजे तिथं ते कायम राहील असं नाही, कडेला जेवढं जाल तेवढं आयुष्य कमी, कारखान्यात ढोबळ हिशेब असा धरतात की १० डिग्री वाढली की आयुष्य साधारण निम्मं.

वाफेला ईपीडीएम मागताना "पेरॉक्साइड क्युअर" हे दोन शब्द म्हणायलाच पाहिजेत. साखर कारखान्याची एक्झॉस्ट स्टीम १२०-१३० डिग्रीची असते, तिथं स्वस्तातलं गंधकाचं ईपीडीएम दाबून बसतंय आणि परत उठत नाही. दोन्हीच्या नावात ईपीडीएमच असतंय, बिलावर पण तेच, म्हणून विचारायचं.

थंडीचं आपल्याला फार नाही, बेळगावची थंडी रबराला काही करत नाही. पण तुमचा माल हिमाचल-लडाखकडं जाणार असेल किंवा कोल्ड स्टोरेजला, तर व्हायटन साधारण उणे २० च्या खाली कडक पडतंय हे लक्षात असू द्या, सिलिकॉन तिथं उणे ६० पर्यंत मऊ राहतंय.

पायरी ४: हलणारं का बसलेलं

बसलेल्या गॅस्केटला ताकद लागत नाही, दाबलं तर परत उठायची सवय पाहिजे. ती जेवढी कमी पडते त्याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात. तुकडा २५ टक्के दाबून ओव्हनमध्ये २२ तास ठेवतात, मग सोडल्यावर जेवढं परत आलं नाही ते टक्क्यात मोजतात. सेट जेवढा कमी तेवढं चांगलं, शंभर टक्के म्हणजे दाबलं तसंच राहिलं, त्यात जीवच नाही. सीलसाठी मटेरियल घेताना सप्लायरच्या रिपोर्टवर टेन्साइल म्हणजे ओढून तुटायची ताकद आधी बघतात सगळे, मी म्हणतो कॉम्प्रेशन सेट आधी बघा. ओ-रिंगला कोण ओढून तोडायला बसलंय?

हलणाऱ्या, घासणाऱ्या जागेला मात्र चिवटपणा पाहिजे. हायड्रॉलिक सिलेंडरच्या यू-सीलला पॉलियुरेथेन म्हणजे पीयू, झिजण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. पण पीयूचा शत्रू गरम पाणी, ६०-७० डिग्रीच्या वरच्या पाण्यात ते हळूहळू सुटत जातंय आणि शेवटी हातात भुगा होऊन येतंय. डाय कास्टिंगच्या मशीनला आग लागू नये म्हणून वॉटर-ग्लायकॉलचं तेल भरलेलं असेल तर पीयूचे सील टाकायच्या आधी दहा वेळा विचार करा.

कंप सोसायचा असेल तर नैसर्गिक रबराला अजून पर्याय नाही असंच म्हणेन. फाउंड्रीत साचा हलवून वाळू झाडतात त्या शेकआऊटखालचे माउंट, चाळणीखालचे बफर, कपलिंगचे बुश, सगळं नैसर्गिक रबर. स्प्रिंगसारखं उसळतंय, फाटायला लागलं तरी पटकन फाटत नाही, वर्षानुवर्षं वजनाखाली फार बसत नाही. एम-सँड धुवायच्या पंपाला आतून रबराचं अस्तर असतंय ते पण हेच, बारीक वाळूचं पाणी लोखंड खातं पण मऊ रबरावरून उसळून जातं. फक्त वरून गिअरबॉक्सचं तेल ठिबकत नाही ना ते बघा, ठिबकत असेल तर एक तर पत्र्याचं झाकण लावा नाहीतर निओप्रिन घ्या. शेकआऊटला अजून एक भानगड, गरम वाळू बेल्टवर पडते, तिथं साधा बेल्ट लावून वर्षातून दोनदा बदलण्यापेक्षा हीट रेझिस्टंट ग्रेडचा बेल्ट मागवा, सप्लायरला वाळूचं तापमान सांगा.

प्रेशरचं थोडक्यात. ७० शोअरची (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) ओ-रिंग १०० बारपर्यंत चालते, जर दोन लोखंडांमधली फट बारीक असेल तर. त्याच्या वर रबर त्या फटीत घुसायला बघतं आणि कडा कुरतडल्यासारख्या निघतात. मग ९० शोअरची घ्या नाहीतर मागं टेफ्लॉनची बॅकअप रिंग द्या. जुनी रिंग काढल्यावर कडा कुरतडलेल्या दिसल्या तर मटेरियल बदलू नका, फट आणि कडकपणा बघा.

पायरी ५: ऊन, पाऊस आणि न दिसणारा ओझोन

नायट्रिलची नळी ताणून उन्हात ठेवा, थोड्या महिन्यांनी ताणाच्या आडव्या बारीक भेगा पडतात. तो ओझोनचा मार आहे. ओझोन उन्हातच असतो असं नाही, मोटरच्या ठिणग्या, वेल्डिंग, हाय व्होल्टेजच्या जवळ पण तयार होतो. नैसर्गिक रबर, एसबीआर, नायट्रिल तिघंही यात कच्ची. बाहेर राहणारं काही असेल, पत्र्याच्या शेडची पट्टी, टाकीच्या झाकणाचं गॅस्केट, ट्रॉलीचा बंपर, तर ईपीडीएम. बाहेर पण आहे आणि थोडं तेल पण लागतंय, तर निओप्रिन, दोन्हीकडं बऱ्यापैकी, कशातही पहिला नंबर नाही पण नापास पण नाही, शिवाय आगीत स्वतःहून विझतंय. अमेरिकेत ड्यूपाँटनं १९३० च्या दशकात काढलेलं हे रबर अजून टिकून आहे ते या मधल्या स्वभावामुळंच. खानापूरकडच्या पावसात आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर ठेवायच्या वस्तूला नायट्रिल देणारा सप्लायर एक तर नवीन आहे नाहीतर त्याच्याकडं स्टॉक पडून आहे.

सिलिकॉन आणि व्हायटन, दोन लाडावलेली रबरं

यांच्याबद्दल वेगळं लिहितो कारण नवीन माणूस "टेन्शन नको, वरचं मटेरियल टाकू" म्हणून या दोघांकडं पळतो.

सिलिकॉन गरमीत आणि थंडीत भारी, वास नाही, चव नाही, म्हणून खाण्याच्या वस्तूंच्या मशीनला छान. आपल्याकडं कुंदा-खवा करणाऱ्यांच्या कढईमशीनची झाकणं, पॅकिंगच्या मशीनचे सीलिंग पॅड, ओव्हनच्या दाराची पट्टी, तिथं शोभतंय. पण ते फाटायला एकदम सोपं आहे, नखानं चीर पडली की सरळ फाटत जातंय, घासण्याच्या जागी तर नकोच, आणि प्रेशरच्या वाफेत पण टिकत नाही. हलणाऱ्या शाफ्टला सिलिकॉनचा साधा सील कोणी देत असेल तर घेऊ नका.

खाण्याच्या कामाला अजून एक गोष्ट, पांढरं म्हणजे फूड ग्रेड नव्हे. नायट्रिल पण पांढरं मिळतंय, फूड ग्रेड पण असतंय आणि नसतंय पण. एक्स्पोर्टवाले एफडीए २१ सीएफआर १७७.२६०० चं सर्टिफिकेट मागतात, ते सप्लायरकडून कागदावर घ्या. आणि तूप-लोणी जाणाऱ्या लाईनला ईपीडीएम नको, स्निग्ध पदार्थ म्हणजे पण तेलच.

व्हायटन हे ब्रँडचं नाव, रबराचं नाव एफकेएम. १९५७ पासून बाजारात आहे. गरम तेल, पेट्रोल, बरीच अॅसिडं, यात त्याला तोड नाही. पण गरम कॉस्टिक, वाफ, अमोनिया-अमाइन, थिनरमधला अॅसिटोन-एमईके जातीचा द्रव, यात साधं व्हायटन हरतंय. पेंट शॉपच्या थिनर लाईनला महाग व्हायटन बसवून गळती लागली की सगळे चकित होतात. कॉस्टिकच्या कामाबद्दल तर अजूनच जपून, आपल्या इथं बेळगावात हिंडाल्कोचा अल्युमिना प्लांट आहे, बॉक्साइटमधून अल्युमिना काढायची बायर पद्धत गरम कॉस्टिक सोड्यावरच चालते, असल्या लाईनच्या सुट्या पार्टची जॉबवर्क एन्क्वायरी आली तर व्हायटन कोट करायच्या आधी ड्रॉइंगवरचा मटेरियल कॉलम वाचा.

आणि एक सेफ्टीचं. व्हायटन जळालं की त्यातून हायड्रोफ्लोरिक अॅसिड तयार होऊ शकतं, ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं. इंजिनाला, फर्नेसजवळच्या सिलेंडरला आग लागली असेल तर जळून चिकट झालेल्या सीलला उघड्या हातानं शिवायचं नाही. तुकडा जाळून वास घेऊन रबर ओळखायची जुनी पद्धत याच कारणासाठी सोडा.

पायरी ६: मग ओळखायचं कसं

दोन चाचण्या घरच्या घरी होतात. एक वजनाची. तुकडा सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर हवेत मोजा, मग दोऱ्यानं पाण्यात बुडवून मोजा. हवेतलं वजन भागिले दोन्हीतला फरक. हवेत १० ग्रॅम, पाण्यात ४.७ ग्रॅम, फरक ५.३, म्हणजे घनता १.८९ आली, व्हायटन १.८ च्या वरच असतंय. १.२५ आली तर ते नायट्रिल-ईपीडीएमच्या गल्लीतलं आहे, व्हायटन म्हणून विकलं असेल तर परत द्या. उलट बाजूनं मात्र विश्वास ठेवू नका, जड पावडर कोंबून घनता वाढवता येते.

दुसरी बुडवायची. तुमच्याच मशीनमधलं तेल किंवा द्रव बरणीत घ्या, तुकड्याचं वजन आणि कडकपणा लिहा, शक्य असेल तर कामाच्या तापमानाला, नाहीतर तसंच तीन दिवस ठेवा, काढा, पुसा, परत मोजा. ईपीडीएम का नायट्रिल हा वाद डिझेलमध्ये एका रात्रीत मिटतो. बसलेल्या सीलला १०-१५ टक्के फुगणं चालून जातंय, हलणाऱ्याला त्याहून कमीच पाहिजे. फुगण्यापेक्षा आकसणं वाईट हे लक्षात ठेवा, रबरातलं प्लास्टिसायझर तेलात धुऊन गेलं की रिंग बारीक होते आणि गळती तिथूनच सुरू होते. कॅटलॉगमधल्या चार्टपेक्षा ही बरणी मला जास्त खरी वाटते, कारण चार्टमध्ये तुमचं तेल नसतंय.

पायरी ७: ऑर्डर कशी लिहायची

"रबर वॉशर, १०० नग" ही ऑर्डर नव्हे. मटेरियल, शोअर, क्युअर, काम, द्रव, तापमान, एवढं तरी लिहा. उदाहरणार्थ, "ईपीडीएम, पेरॉक्साइड क्युअर, ७० शोअर ए अधिक-उणे ५, वाफ १३० डिग्री आणि गरम कॉस्टिक, बसलेलं गॅस्केट." मोल्डरला यावरून कंपाउंड ठरवता येतंय.

मोठ्या कंपनीच्या ड्रॉइंगवर एम२बीजी७१४ असलं काहीतरी लिहिलेलं असतंय, घाबरू नका, तो एएसटीएम डी २००० चा कोड आहे. एम म्हणजे मेट्रिक. २ हा ग्रेड. बी म्हणजे १०० डिग्रीला तपासलेलं, ए असता तर ७०, सी १२५, डी १५०. जी म्हणजे ठरलेल्या तेलात जास्तीत जास्त ४० टक्के फुगेल, अक्षर पुढं जाईल तसं फुगणं कमी, के म्हणजे १० टक्के. ७ म्हणजे कडकपणा ७०. १४ म्हणजे टेन्साइल १४ मेगापास्कल. हा कोड वाचला की साधारण नायट्रिल मागितलंय हे कळतंय. मागं अजून बी१४, ईओ१४ असल्या शेपट्या असतात, त्या पण सप्लायरला जशाच्या तशा पाठवा, आपल्या मनानं गाळू नका.

नवीन डाय करून पार्ट बनवून घेणार असाल तर मोल्डरला मटेरियल आधी पक्कं सांगा, नंतर बदलू नका. रबर डायमधून निघून थंड झालं की आकसतंय, साधारण दीड ते तीन टक्के, आणि प्रत्येकाचं वेगळं, सिलिकॉन-व्हायटन जास्त आकसतात. नायट्रिलसाठी कापलेल्या डायमध्ये व्हायटन भरलं तर पार्ट लहान येणार, मग भांडण. लेथवाल्यांना सवय असते पॉइंट झिरो टूची, रबराला तसली टॉलरन्स मागू नका, आयएसओ ३३०२ मध्ये एम१ पासून एम४ पर्यंत वर्ग दिलेत, त्यातला एम२ नाहीतर एम३ बहुतेक कामाला पुरतोय.

ओ-रिंगची खाच तुम्हीच कापणार असाल तर एवढं धरा, बसलेल्या जागी रिंग साधारण २० टक्के दाबली गेली पाहिजे, हलणाऱ्या जागी १०-१५ टक्के. ३.५३ एमएमच्या रिंगला बसलेल्या जागी २.८ एमएम खोली आली. खाच रुंद ठेवा, रबर दाबलं की त्याचा आकार बदलतो पण घनफळ कमी होत नाही, त्याला जायला जागा पाहिजे, शिवाय फुगायला पण. खाचेचा १५ टक्के भाग तरी रिकामा राहू द्या, नाहीतर बोल्ट आवळताना झाकण वाकतंय आणि दोष रबराला लागतोय.

पायरी ८: स्टोअरमध्ये

ओ-रिंगचे हार करून खिळ्याला अडकवायची आपल्याकडं फार आवड. वजनानं रिंग ताणली जाते आणि ताणलेल्या जागी ओझोन खातो. सपाट, काळ्या किंवा बंद पिशवीत, उन्हापासून आणि चालू मोटर-वेल्डिंगपासून लांब, शक्यतो २५ डिग्रीच्या खाली ठेवायचं. आयएसओ २२३० प्रमाणं नीट ठेवलं तर नैसर्गिक रबर, एसबीआर, पीयू ५ वर्षं, नायट्रिल-निओप्रिन ७ वर्षं, ईपीडीएम-सिलिकॉन-व्हायटन १० वर्षं, त्याच्या पुढं तपासून थोडं वाढवता येतं. हा हिशेब खरेदीच्या तारखेपासून नाही, मोल्ड झाल्याच्या तारखेपासून, म्हणून पिशवीवर क्युअर डेट छापलेली मागा, वर्ष आणि तिमाही असं लिहितात, ३क्यू२४ म्हणजे २०२४ ची तिसरी तिमाही. गळीत हंगाम संपला की कारखाने जास्तीचे सील परत देतात आणि ते फिरून दुकानात येतात, त्यांच्या पिशवीवर तारीख असेल तरच घ्या, आणि मटेरियलचं नाव पेनानं लिहिलेलं असेल तर आधी काट्यावर आणि बरणीत टाका.